ब्रिटनच्या स्पाउस व्हिसाची ए१ परीक्षा: सहा आठवड्यांत बोलतं कसं व्हायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुम्ही लेस्टरला नोकरी करता, लग्नाला आठ महिने झाले आहेत आणि पत्नी अजून गावीच आहेत. त्यांचं शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी वाचलेलं त्यांना बरंच कळतं, पण समोर कोणी इंग्रजी बोलायला लागलं की तोंडातून शब्द फुटत नाही. त्यांना जोडीदाराचा (स्पाउस) व्हिसा मिळावा म्हणून सहा आठवड्यांनी ए१, म्हणजे इंग्रजीच्या सगळ्यांत प्राथमिक पातळीची, बोलण्याची आणि ऐकण्याची परीक्षा द्यायचं ठरवलं आहे. क्लासमध्ये काळ आणि पॅसिव्ह व्हॉइस चालू आहे. तुम्ही रोज रात्री फोनवर तासभर इंग्रजीत बोलायला लावता आणि तो तास बहुतेक वेळा रडण्यात संपतो. सहा आठवडे पुरतील का, आणि नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी गेली बारा वर्षं अशाच परीक्षांची तयारी करून घेते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जणी तुमच्या पत्नीसारख्याच असतात. तुमच्या वर्णनावरून मला तरी सहा आठवडे पुरतील असं वाटतं. अट एवढीच की आत्ता चाललेल्या गोष्टींपैकी बऱ्याच थांबवाव्या लागतील.

अर्थात काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. घरकामातून त्यांना दिवसाकाठी किती निवांत वेळ मिळतो, घरात मोठ्याने बोलून सराव करायला संकोच वाटतो का, ऐकायला कमी येतं का, पूर्वी वर्गात इंग्रजीवरून कोणी हसलं होतं का, यावर बरंच अवलंबून आहे. शेवटची गोष्ट किरकोळ समजू नका. मला भेटलेल्या कित्येक बायकांचं इंग्रजी पाचवी-सहावीतल्या एखाद्या अपमानाशी अडकलेलं असतं. त्यांना शब्द येत असतात, फक्त ते उच्चारायची भीती बसलेली असते.

मूळ अडचण कुठे आहे ते सांगते. बारावी झालेल्या माणसाजवळ ए१ला लागणारे शब्द जवळजवळ सगळे असतात. मदर, किचन, मॉर्निंग, मार्केट, राइस, बस, टीचर, रेन हे शब्द त्यांना आत्ताही येतात. अडतं ते कानापासून तोंडापर्यंतच्या वाटेवर. प्रश्न ऐकायचा, त्याचं मनात मराठी करायचं, मराठीत उत्तर ठरवायचं, त्याचं इंग्रजी करायचं, मग ते व्याकरणाला धरून आहे का ते तपासायचं, आणि तोवर समोरचा वाट पाहून अस्वस्थ झालेला असतो. क्लासमधलं पॅसिव्ह व्हॉइस त्या तपासणीत आणखी एक टप्पा वाढवतं. या पातळीला त्याची गरजच नाही.

ए१ म्हणजे काय, हे त्यांनाही समजावून सांगा. युरोपीय परिषदेने २००१मध्ये भाषेच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. त्यातली ए१ सगळ्यांत खालची. तिच्या वर्णनातच असं गृहीत धरलं आहे की समोरचा माणूस सावकाश आणि स्पष्ट बोलेल, गरज पडली तर पुन्हा सांगेल, वेगळ्या शब्दांत सांगेल आणि मदत करायला तयार असेल. म्हणजे ‘पुन्हा सांगता का?’ असं विचारणं हा या पातळीच्या बोलण्याचाच भाग आहे. हे एकदा मनात बसलं की चेहरा सैल पडतो. मी पहिल्या दिवशी व्याकरणाचं काहीच शिकवत नाही. ‘सॉरी, कॅन यू से दॅट अगेन, प्लीज?’ आणि ‘सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड’ ही दोनच वाक्यं शंभर वेळा म्हणून घेते. मुद्दाम पुटपुटत प्रश्न विचारते आणि त्यांनी मला थांबवलं की शाबासकी देते. न कळलेल्या प्रश्नाला मान डोलावून ‘येस’ म्हणणं ही आपल्याकडची फार मोठी खोड आहे. मोठ्या माणसाला ‘कळलं नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं ना, म्हणून. परीक्षकाला त्या ‘येस’वरून कळतं की प्रश्न पोहोचलेलाच नाही.

आता तयारीआधीची कागदपत्रांची बाजू. ती चुकली तर सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात जाते. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसासाठी इंग्रजीची ही अट २९ नोव्हेंबर २०१०पासून आहे. पहिल्या अर्जाला बोलणं आणि ऐकणं या दोनच कौशल्यांची ए१ पातळी लागते, वाचन-लेखन नाही. अर्जदाराचं वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा शारीरिक वा मानसिक आजारामुळे परीक्षा देणं शक्य नसेल, तर सवलत आहे. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल आणि एक्टिस या संस्थेकडून ती ब्रिटिश पदवीच्या तोडीची आणि इंग्रजीतून शिकवलेली असल्याचा दाखला मिळाला, तर परीक्षा लागत नाही. तुमच्या पत्नीची पदवी नाही, म्हणून परीक्षा द्यावीच लागेल. पण हे वाचणाऱ्या एखादीची बीएस्सी इंग्रजीतून झाली असेल तर तिने आधी तो रस्ता तपासावा.

परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेचीच हवी, मान्यताप्राप्त केंद्रावरच हवी आणि बुकिंग करताना ती यूकेव्हीआय, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागासाठीची आहे याची खात्री करून घ्यायला हवी. माझ्याकडे नंतर आलेल्या एकीला आधीच्या क्लासने साधी आयईएलटीएस (परदेशी जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा) द्यायला लावली होती. गुण उत्तम आले, पैसे आणि दोन महिने गेले आणि तो निकाल अर्जाला चाललाच नाही. तिला हवी होती ती ‘आयईएलटीएस लाइफ स्किल्स ए१’. नावात एक शब्द इकडचा तिकडे झाला की असं होतं. निकालाचा उपयोग दोन वर्षांपर्यंत होतो. नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे बुकिंगच्या आदल्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त परीक्षांची यादी स्वतः उघडून बघा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

नावाचंही बघा. लग्नानंतर आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पण पासपोर्ट बहुधा माहेरच्या नावाचाच असतो. बुकिंग पासपोर्टवर आहे त्याच नावाने, त्याच स्पेलिंगने करायचं आणि परीक्षेला तोच पासपोर्ट न्यायचा. परीक्षकाने नाव विचारल्यावर पासपोर्टवरचंच नाव सांगायचं. एका मुलीने सरावात हौसेने सासरचं नाव सांगितलं, मग पासपोर्टवरचं आठवलं, मग गोंधळून दोन्ही अर्धी अर्धी सांगितली. पहिल्याच प्रश्नाला अशी ठेच लागली की पुढची पाच मिनिटं सावरण्यात जातात.

परीक्षेचं स्वरूप निवडीप्रमाणे बदलतं. लाइफ स्किल्समध्ये एक परीक्षक आणि दोन परीक्षार्थी समोरासमोर बसतात. ए१ला १६ ते १८ मिनिटं लागतात. निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच, साध्या आयईएलटीएससारखे बँड, म्हणजे गुणांच्या पायऱ्या, नसतात. परीक्षक दोघांना स्वतःबद्दल विचारतो, छोटी ध्वनिमुद्रणं ऐकवून त्यावर प्रश्न विचारतो, आणि दोघांना एकमेकांशीही बोलायला लावतो. पिअर्सन या संस्थेच्या पीटीई होम या परीक्षेत माणूस समोर नसतो, संगणकासमोर बसून माइकमध्ये बोलायचं असतं. ट्रिनिटी या संस्थेची ग्रेड २ ही परीक्षा ब्रिटनमधल्या केंद्रांवर होते, एकट्या परीक्षकाबरोबर सहा मिनिटांचं संभाषण. तुमच्या पत्नी भारतातून अर्ज करत आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी पहिल्या दोन प्रकारांचा विचार करा. माझं मत विचाराल तर माणूस समोर असलेली परीक्षा घ्या. घाबरलेल्या माणसाला समोरच्याचं हसू, मान हलवणं, प्रश्न पुन्हा विचारणं यांचा फार आधार होतो. पण काही जणींना माणसाचीच भीती वाटते आणि यंत्रासमोर त्या मोकळ्या होतात. अशी एखादी दर वर्षी भेटतेच. त्यांनाच विचारून ठरवा.

आता मुख्य गोष्ट, सराव. माझ्याकडे एक विद्यार्थिनी चाळीस उत्तरं पाठ करून आली होती. सुंदर अक्षरात लिहिलेली वही होती तिची. मी विचारलं, ‘हाऊ मेनी रूम्स आर देअर इन युअर हाऊस?’ तिने सुरुवात केली, ‘माय हाऊस इज व्हेरी ब्यूटिफुल. इट इज नियर द रोड...’ मी थांबवून तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा तेच पाठांतर, आता थोडं जास्त वेगाने. तिच्या कानावर फक्त ‘हाऊस’ पडत होतं आणि ते पडलं की पाठ केलेली टेप चालू होत होती. ‘हाऊ मेनी’ तिने ऐकलंच नव्हतं. ‘थ्री’ एवढं एका शब्दात म्हणाली असती तरी ते खरं उत्तर झालं असतं. ती वही मी तीन आठवडे माझ्या कपाटात ठेवून घेतली. ती माझ्यावर रागावली होती, पण पहिल्या आठवड्यातच ती प्रश्न ऐकायला लागली.

म्हणून सुरुवात प्रश्नाच्या पहिल्या एक-दोन शब्दांपासून करा. व्हॉट, व्हेअर, व्हेन, हू, हाऊ मेनी, हाऊ ओल्ड, हाऊ लाँग, डू यू. तुम्ही फक्त प्रश्नाचा आरंभ म्हणायचा आणि त्यांनी मराठीत एका शब्दात सांगायचं: जागा, वेळ, माणूस, आकडा, हो-नाही. इंग्रजीत उत्तर द्यायचंच नाही. दोन-तीन दिवस एवढंच. ‘हू’ आणि ‘हाऊ’ची गल्लत सर्रास होते. ‘हाऊ ओल्ड आर यू?’ला ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू’ असं उत्तर मी कितीतरी वेळा ऐकलं आहे, कारण शाळेपासून ‘हाऊ’च्या मागोमाग ‘फाइन’ येतं. आणखी एक फसवा प्रश्न म्हणजे ‘व्हॉट डू यू डू?’ शब्दाला शब्द घेतला तर ‘तुम्ही काय करता?’ आणि मराठीतही आपण हे कामधंद्याबद्दलच विचारतो, तरी परीक्षेच्या ताणात बायका ‘आय अ‍ॅम सिटिंग’ म्हणतात. ‘आय अ‍ॅम अ हाउसवाइफ’ हे उत्तर जिभेवर तयार असू द्या.

त्यानंतर उत्तर लांबवायची सवय. माझा नियम साधा आहे, उत्तराला एक पुरवणी जोडायची. ‘डू यू हॅव ब्रदर्स ऑर सिस्टर्स?’ला नुसतं ‘येस’ म्हणून गप्प बसलं की परीक्षकाच्या हाती काही लागत नाही. ‘येस. वन ब्रदर. ही इज अ टीचर.’ झालं. ‘इज युअर किचन बिग?’ला ‘नो, इट इज स्मॉल. देअर इज वन विंडो.’ या वाक्यांत काही चमकदार नाही आणि चमकदार असायची गरजही नाही. क्रियापद थोडं चुकलं, ‘शी गो’ म्हटलं तरी अर्थ पोहोचतो. पुरवणी मात्र न विसरता हवी.

उलट प्रश्न विचारण्याकडेही लक्ष द्या. लाइफ स्किल्समध्ये शेजारच्या परीक्षार्थीला प्रश्न विचारावे लागतात आणि ट्रिनिटीच्या ग्रेड २लाही परीक्षकाला निदान एक साधा प्रश्न विचारायचा असतो. आपण मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावून मोकळे होतो: ‘तुम्हाला चहा आवडतो का?’ त्याच सवयीने ‘यू लाइक टी?’ तोंडात येतं. समजतं, पण ‘डू यू लाइक’, ‘डू यू हॅव’, ‘व्हेअर डू यू लिव्ह’, ‘व्हॉट टाइम डू यू’ या चार सुरुवाती घोटून घेतल्या तर पुढे हवा तो शब्द जोडता येतो. शेजारचा परीक्षार्थी जास्त हुशार निघाला तरी बिचकायचं नाही. परीक्षक दोघांचं मूल्यमापन वेगवेगळं करतो, ती काही शर्यत नाही. आणि शेजारचा अडखळत असेल तर त्याच्या वतीने उत्तर देऊ नका. आपल्या बायकांना ती माया आवरत नाही, मी पाहिलं आहे.

आकडे, अक्षरं आणि वेळ यांना रोज दहा मिनिटं द्याच. इथे मराठी माणसाच्या खास अडचणी आहेत आणि त्या क्लासमध्ये कोणी सांगत नाही. आपण ‘बावन्न’ म्हणतो तेव्हा दोन आधी येतो आणि पन्नास नंतर. इंग्रजीत ‘फिफ्टी-टू’, म्हणजे उलटा क्रम. मनात मराठी करून लिहिणाऱ्याच्या हातून ५२चे २५ सहज होतात. त्याहून वाईट ‘एकोण’वाले आकडे. ‘एकोणसत्तर’ इंग्रजीत सांगताना सत्तर कानात घुमत असतो आणि तोंडातून ‘सेव्हंटी-नाइन’ बाहेर पडतं. यावर उपाय म्हणजे इंग्रजी आकडा ऐकून थेट अंक लिहायचे, मध्ये मराठी येऊ द्यायचं नाही. तुम्ही दहा आकडे सांगा, त्यांनी लिहावेत आणि इंग्रजीतच परत वाचून दाखवावेत. थर्टीन आणि थर्टीमधला फरक जोर कुठे पडतो त्यावरून ओळखायला शिकवा: ‘टीन’वाल्या आकड्यांत शेवट लांबतो आणि जोर तिथे येतो, ‘टी’वाल्यांत सुरुवातीला जोर असतो आणि शेवट तुटक असतो. फोन नंबर सांगताना ब्रिटनमध्ये शून्याला ‘ओ’ म्हणतात आणि एकच अंक लागोपाठ दोनदा आला तर ‘डबल’ म्हणतात, तेही कानावर घाला.

वेळेच्या बाबतीत मात्र मराठी आपल्या मदतीला येते. सव्वासात म्हणजे ‘क्वार्टर पास्ट सेव्हन’, साडेसात म्हणजे ‘हाफ पास्ट सेव्हन’, पावणेआठ म्हणजे ‘क्वार्टर टू एट’. तिन्ही अगदी जोडीला जोड बसतात. ब्रिटनमध्ये लोक ‘हाफ सेव्हन’ असंही म्हणतात, तेव्हा त्यांना साडेसात म्हणायचं असतं. साडेसहा समजून बसू नका.

अक्षरांचं म्हणाल तर स्वतःच्या नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगता आलंच पाहिजे, आणि झोपेतून उठवून विचारलं तरी. समजा नाव वैशाली आहे: व्ही, ए, आय, एस, एच, ए, एल, आय. एका दमात नाही, तीन-तीन अक्षरं सांगून श्वास घेत. ऐकून लिहिताना ए, ई आणि आय यांची अदलाबदल होते, कारण मराठीतला ‘ए’ आपण रोमन लिपीत ई अक्षराने लिहितो आणि ‘इ’ आय अक्षराने. जी आणि जे यांचंही तसंच. शिवाय ब्रिटिश माणूस आर हे अक्षर म्हणतो तेव्हा शेवटचा र जवळजवळ ऐकूच येत नाही, नुसतं ‘आ’ असं वाटतं. ‘फोर’, ‘वॉटर’, ‘सिस्टर’ यांतही तोच प्रकार. शब्द नवीन नसतो, पण ओळखीचा र गायब झालेला असतो.

ऐकण्याच्या सरावाला ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्न इंग्लिश’वरचे ए१ पातळीचे पाठ आणि आयईएलटीएसच्या संकेतस्थळावरचे लाइफ स्किल्सचे नमुने पुरेसे आहेत, दोन्ही मोफत आहेत. बातम्या, चित्रपट, भाषणं नकोत. त्यातलं काही कळत नाही आणि आपल्याला इंग्रजी येतच नाही अशी समजूत मात्र पक्की होते. मुद्रण कसं ऐकायचं तेही ठरवून घ्या. पहिल्यांदा ऐकताना एवढंच शोधायचं की कोण बोलतं आहे आणि कुठे. दुकान, दवाखाना, स्टेशन, घर? दुसऱ्यांदा एकच बारीक गोष्ट: किती वाजता, किती पैसे, कोणता वार. सगळे शब्द पकडायला गेलं की तिसऱ्या शब्दाला अडखळून पुढचं सगळं वाहून जातं. सुटलेला शब्द सुटू द्यायचा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण शाळेत प्रत्येक कठीण शब्दाचा अर्थ लिहून घ्यायची सवय लागलेल्या माणसाला ते फार जड जातं. म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिले काही दिवस ऐकताना हातात पेनच देत नाही.

आता तुमच्याबद्दल, आणि हे मी आपुलकीने सांगते आहे. रात्रीचा तो तास आजपासून बंद करा. दिवसभराच्या कामाने दमलेली पत्नी, दूर असलेला नवरा, दिवसातला तेवढाच एक बोलण्याचा वेळ आणि तोही परीक्षेत जातो. रडू येणारच. तुम्ही प्रत्येक वाक्य दुरुस्त करता असं तुम्हीच लिहिलं आहे. त्यामुळे त्या बोलण्याऐवजी तुमच्या दुरुस्तीची वाट बघायला शिकल्या आहेत. त्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटांचे फोन ठेवा, त्यांच्या सोयीच्या वेळी, आणि रात्रीचं बोलणं मराठीतच होऊ द्या. सरावाच्या दहा मिनिटांत दुरुस्ती शून्य. त्या ‘यस्टरडे आय गो मार्केट’ म्हणाल्या तर तुम्ही म्हणा, ‘ओह, यू वेंट टू द मार्केट! व्हॉट डिड यू बाय?’ बरोबर वाक्य कानावर पडलं, गप्पा चालू राहिल्या, कोणी चुकलं नाही.

एक फोन कॅमेरा चालू ठेवून करा, एक बंद ठेवून. ध्वनिमुद्रणात ओठ दिसत नाहीत, आणि आपण किती गोष्टी ओठांवरून ओळखतो ते कॅमेरा बंद केल्यावरच कळतं. तिसऱ्या आठवड्यापासून तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला फोन करायला सांगा: तुमचा एखादा सहकारी, मित्राची बायको, शेजारी. नवऱ्याच्या आवाजाची इतकी सवय होते की तेवढंच एक इंग्रजी कळायला लागतं. परका आवाज पहिल्या दोन वेळा त्यांना घाबरवेल, ते आत्ताच घडलेलं बरं.

आठवडे कसे वाटायचे म्हणाल तर पहिला सगळा ‘पुन्हा सांगा’च्या वाक्यांना आणि प्रश्नाच्या आरंभाला द्या. दुसऱ्या-तिसऱ्यात घर, कुटुंब, रोजचा दिवस, खाणं, खरेदी, हवामान, प्रवास अशा विषयांवर उत्तर आणि पुरवणी, सोबत रोज आकडे आणि ऐकणं. चौथ्यात परके आवाज आणि उलट प्रश्न. पाचव्यात दोन-तीन वेळा संपूर्ण परीक्षा, घड्याळ लावून, खुर्चीवर ताठ बसून, दार बंद करून. लाइफ स्किल्स देणार असाल तर सोबत आणखी एक जण परीक्षार्थी म्हणून बसवा. सहावा आठवडा मोकळा ठेवा, कारण मध्ये कोणी आजारी पडतं, कोणाचं लग्न निघतं. पाचव्या आठवड्याच्या शेवटीही प्रश्न दोनदा ऐकून पहिला शब्द कळत नसेल, तर तारीख पुढे ढकलणं शहाणपणाचं. केंद्राचे बदलाचे नियम बुकिंग करतानाच वाचून ठेवा.

क्लासचं म्हणाल तर शिक्षकांना स्पष्ट विचारा की तासाभरात माझी पत्नी किती मिनिटं बोलते. वीस जणांच्या वर्गात ती दोन मिनिटं बोलत असेल तर तो क्लास वाईट नसेलही, पण या परीक्षेसाठी नाही.

पुढचाही अंदाज देऊन ठेवते. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो, त्यानंतरच्या मुदतवाढीला ए२ लागते (ही अट १ मे २०१७पासून आहे), आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याच्या अर्जाला बी१ आणि जोडीला ‘लाइफ इन द यूके’ ही ब्रिटनमधल्या जीवनाबद्दलची परीक्षा. त्यामुळे ए१ झाल्यावर वही मिटून ठेवू नका. पण आत्ता हे त्यांच्यासमोर मांडूही नका. आत्ता सहा आठवडे आणि एक परीक्षा एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर असू द्या.

यातूनही निकाल विरुद्ध लागला तर परीक्षा पुन्हा देता येते, आणि त्याने व्हिसाच्या अर्जावर डाग लागत नाही, कारण अर्जाला फक्त उत्तीर्ण निकालच जोडायचा असतो. खर्च आणि वेळ जातो, हे खरं.

परीक्षेच्या सकाळी तुम्ही फोन करा, पण उजळणी घेऊ नका. ‘डिड यू स्लीप वेल? व्हॉट डिड यू ईट?’ एवढं इंग्रजीत विचारा, पाच मिनिटांत जिभेला वळण पडतं. मग मराठीत दोन शब्द बोला आणि फोन ठेवा. पासपोर्ट पर्समध्ये ठेवला आहे ना, ते मात्र ठेवायच्या आधी विचारा.